आरोंद्यात बनलेलं विलायती कपाट

आरोंद्याला खाडीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी साडेतीन वर्षं मेलेल्या इंग्रजांची कपाटं बनवली. इंग्रज जुने होते, कपाटं नवी होती, आणि ती जुनी दिसावीत याचाच मला पगार मिळत होता. हे आज सांगतानाही मला राग येतो. शेठचा येतो, गिऱ्हाइकांचा येतो आणि त्या दोघांच्या मध्ये हातात रंधा घेऊन गप्प उभ्या राहिलेल्या माझाही येतो.

मी वेंगुर्ल्याचा. वडील सुतार, मीही सुतार. वडिलांच्या हाताखाली शिकलो, वर आयटीआयचा कागदही घेतला. पण अठ्ठ्याण्णव सालापर्यंत आमच्या कामाची पार रया गेली होती. खिडक्या ॲल्युमिनियमच्या आल्या, दारं प्लायची आली, कपाटं लोखंडी आली. महिन्यातले पंधरा दिवस मी काजूच्या कारखान्यांची खोकी ठोकत होतो. अशात मला शेठ भेटला. गोव्यात हमरस्त्याला त्याचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. परदेशी लोक, हॉटेलवाले आणि कोकणात बंगले बांधणारे मुंबईकर ही त्याची गिऱ्हाइकं. कारखाना मात्र त्याने खाडीच्या अलीकडे आमच्या बाजूला ठेवला होता, कारण इथे कोणी चौकशीला येत नाही. मला कामावर घेताना तो एवढंच म्हणाला, "माका तुझो हात होयो. तोंड नको."

मी हसलो होतो. तेव्हाच उठून यायला हवं होतं.

दुकानात सगळ्यात जास्त खप झोपायच्या खोलीतल्या कपाटांचा. पलंग लोक नवा घेत, पण कपडे ठेवायला त्यांना जुनंच हवं असे. एक उंच कपाट, मधल्या दाराला आरसा, खाली मोठा खण, वर कोरलेली कार्निस, म्हणजे माथ्याची पट्टी. नाहीतर कमरेएवढं खणांचं कपाट, वर दोन अर्धे खण आणि खाली तीन पूर्ण. शेठ दोन्हींना एकच शब्द वापरायचा, "व्हिक्टोरियन". हा शब्द उच्चारताना तो थोडा झुकायचा, देवळात शिरताना झुकावं तसा.

पडलेल्या घरांच्या तक्तपोशीचं, म्हणजे लाकडी छताचं, सागवान आम्ही स्वस्तात आणायचो. कपाट तयार झालं की त्याला काजूच्या टरफलांचं तेल पाणी केल्यासारखं पातळ करून लावायचं. हे तेल आमच्याकडे होड्यांना लावतात. लाकूड त्याने काळपट लाल होतं आणि हाताची साल निघते. पितळी मुठी खाडीच्या चिखलात महिनाभर पुरून ठेवायच्या. आरशाच्या मागे ॲसिडचे ठिपके द्यायचे. बारीक ड्रिलने किडीची भोकं पाडायची. खणाच्या खालच्या कडा विटेने घासून शंभर वर्षांची ये-जा एका दुपारात उरकायची.

खोटं का सांगू, सुरुवातीला मला या सगळ्याचा गर्व होता. खणाचे कोपरे ज्या सांध्यांनी जोडतात, कबुतराच्या शेपटीसारखे पसरट, त्यांना आम्ही डव्हटेल म्हणतो. ते मी मशीनवर केले नाहीत, सगळे हाताने कापले. खोट्या कामातही माझा सांधा खोटा नव्हता. हाताला फोड घेऊन घरी यायचो तेव्हा बायको खोबरेल तेल लावता लावता विचारायची, "ह्यां एवढां सगळां कोणाक फसवूक?" मी म्हणायचो, "फसवूक नाय गो, शोभेक." ती माझ्याकडे बघायची आणि बाटलीचं झाकण लावायची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शेडमध्ये एक खरं कपाट आलं.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळचं एक घर विकलं गेलं. घरची माणसं कधीच मुंबईला गेलेली. शेठने घरातलं सगळं सामान एकदम उचललं. त्यात हे खणांचं कपाट होतं. तेलाचे डाग, एका पायाला वाळवी, वरच्या फळीवर भांड्याच्या गोल खुणा. शेठ म्हणाला, "खोल, मापां घे, आणि असलीच चार कर."

मी पहिला खण ओढला आणि तसाच थांबलो.

खण ओढताना आवाजच आला नाही. माझे खण नवे असतानाही कुरकुरायचे, हा इतक्या वर्षांनी तुपावरून घसरल्यासारखा बाहेर आला. खालून तळवा फिरवला. रंध्याच्या बारीक लाटा हाताला लागल्या, एकसारख्या नाहीत, माणसाच्या श्वासासारख्या कमी-जास्त. डव्हटेल हाताने कापलेले, दोन सांध्यांची रुंदी एकसारखी नाही. आखणीची रेघ अजून दिसत होती. स्क्रूच्या माथ्यावरच्या खाचा नेमक्या मध्यावर नव्हत्या, म्हणजे स्क्रू हाताने खाच पाडलेले. कुलपावर मुकुट आणि त्याखाली व्ही. आर. ही अक्षरं. ते व्हिक्टोरिया राणीच्या काळचं कुलूप. लाकडी मुठी कॅलिपरमध्ये धरून पाहिल्या. एका बाजूने एक माप, फिरवून धरलं की दुसरं. लाकूड वर्षानुवर्षं आक्रसत जातं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही, म्हणून जुनी गोल मूठ पुरती गोल राहत नाही. ही गोष्ट विटेने घासून होत नाही, तेलाने होत नाही, कशानेच होत नाही. त्यासाठी तेवढी वर्षंच जावी लागतात.

मग मी खणाच्या आतली बाजू पाहिली आणि मला हसू आलं. बाहेरून सागवान, पण खणाच्या बाजू आणि तळ फणसाचा. जुना झाल्यावर फणस मधासारखा होतो, पण पटाशीने एक कण उचलला की आत अजून पिवळा. चारही दिशांनी बघा, हे लाकूड लपत नाही. आणि प्रत्येक खणाच्या पाठीमागे, तो कुठे बसतो ते कळावं म्हणून पटाशीने कोरलेला आकडा. १, २, ३, ४, ५. देवनागरीत.

म्हणजे घाट इंग्रजी, कुलूप इंग्रजी, वापरणारा कदाचित कोणी बंदरावरचा साहेब. पण बनवणारा आमच्यातलाच. वेंगुर्ल्याचा, नाहीतर आसपासचा. साहेबाने चित्र दाखवलं असेल आणि त्याने ते बघून सरस काम केलं असेल. त्याचं नाव कुठे नव्हतं. फक्त पाच आकडे होते.

मी शेठला हाक मारली. म्हटलं, "शेठ, ह्यां इंग्लंडात झालेलां नाय. आतलां लाकूड फणसाचां आसा. फणस विलायतेत खंय मेळता?"

शेठने चष्मा वर केला, खण पाहिला, आकडा पाहिला. "गिऱ्हाईक काय फणस खाऊक येता?" तो म्हणाला. "ते आकडे घासून काढ. देवनागरी बघून पाच मिनटांत पळतलो तो."

आणि मी पटाशी घेतली आणि पहिल्या खणावरचा १ घासून काढला.

का काढला? सांगितलं म्हणून काढला. हाताला सवय लागली होती. लाकडाचा भुगा खाली पडला तेव्हा वाटलं, मी कोणाच्या तरी थडग्यावरचं नाव पुसलं. उरलेल्या चारांना मी हात लावला नाही. शेठला म्हटलं, काढले. तो बघायला आला नाही. पण त्याच दिवशी त्याने दुसरं काम केलं. वरच्या खणाचं कुलूप काढून माझ्या हातात दिलं आणि तेव्हा मी जे मोठं आरशाचं कपाट करत होतो त्याच्या खालच्या खणाला बसवायला सांगितलं. "एक खरी वस्तू असली काय बाकी सगळां खरां दिसता," तो म्हणाला. बसवलं. तेही मीच बसवलं.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यानंतर एक जोडपं आलं. नवरा मुंबईत बोटींच्या कंपनीतून निवृत्त झालेला, वेंगुर्ल्याला समुद्राकडे तोंड करून बंगला बांधत होता. बायको जन्माने मालवणची. दुकानातल्या पॉलिश केलेल्या वस्तूंवर त्याचा विश्वास नव्हता. त्याला "हात न लावलेला माल" बघायचा होता. म्हणून शेठने आदल्या दिवशी शेड झाडून घेतली, भुसा जाळला, मशीन ताडपत्रीखाली झाकलं, आणि कारखान्याचं गोदाम झालं. मला धुतलेला शर्ट घालून यायला सांगितलं. त्या दिवसापुरता मी जाणकार होतो. तोंड नको म्हणणाऱ्याला आता माझं तोंड हवं होतं, पण बंद.

साहेबांच्या हातात इंटरनेटवरून छापून आणलेले कागद होते आणि टॉर्च होता. आधी ते खणांच्या कपाटापाशी वाकले. एकेक मुद्दा वाचायचे, बघायचे, पेनने खूण करायचे. डव्हटेल, खूण. स्क्रू, खूण. माझ्या छातीत बरं वाटायला लागलं. वाटलं, हा माणूस बघतोय. मग त्यांनी दुसरा खण पूर्ण बाहेर काढला, टॉर्च पाठीमागे मारला, आणि २ दिसला.

"हे काय? हे तर लोकल आहे," असं म्हणून त्यांनी खण परत ढकलला. नीट बसवलाही नाही.

शेठने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा माणूस असता तर जळून गेला असता. पण लगेच हसून त्याने साहेबांना आरशाच्या कपाटाकडे वळवलं. माझ्या कपाटाकडे.

तिथे सगळे मुद्दे जुळले. जुळणारच. त्या कागदांवर जे होतं तेच तर मी खऱ्या कपाटावरून शिकून त्यात घातलं होतं. साहेब गुडघ्यावर बसले, खालच्या खणाचं कुलूप टॉर्चने पाहिलं. "व्ही. आर.! बघ, बघ, व्हिक्टोरिया रेजिना!" बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, मान हलवली. मग ते उठले, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, माझ्या सांध्यावर बोट थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही सफाई बघा मेस्त्री. याला म्हणतात काम. आपल्या लोकांच्या हातात ही सफाईच नाही. आपला सुतार म्हणजे खिळा ठोकला की झालं."

मी अजूनही ते वाक्य जसंच्या तसं ऐकतो. माझ्याच सांध्यावर बोट ठेवून.

कानशिलं तापली. शेठ डोळ्यांनी खुणावत होता, मला दिसत होतं. तोंडातून आलं ते मालवणीतच आलं. "ह्यां कपाट मी केलंय. ह्या हातान. ह्याच शेडीत. गेल्या मे महिन्यात."

मग शेठ मोठ्याने हसला. "आमचा मेस्त्री भारी थट्टेखोर आहे हं साहेब."

"थट्टा नाही," मी म्हटलं. आता शुद्ध मराठीत म्हटलं, ऑफिसात बोलतो तसं. कॅलिपर आणला, साहेबांच्या हातात दिला. "या लाकडी मुठीचं माप घ्या. आता फिरवून घ्या. सारखंच येतंय ना? नव्याने कातलेली आहे म्हणून. आता तुम्ही लोकल म्हणालात त्या कपाटाची मूठ मापा." त्यांनी मापली नाही. कॅलिपर हातात तसाच धरून उभे राहिले. मी खणांच्या कपाटाचा वरचा खण ओढून त्यांच्यासमोर धरला. कुलपाची जागा रिकामी होती, चौकोनी खाच, चार स्क्रूंची भोकं. "तुमच्या त्या व्ही. आर.चं घर हे आहे. इथून काढून तिथे बसवलंय. मीच बसवलंय. हवं तर आत्ता काढून इथे बसवून दाखवतो, केसाचा फरक पडणार नाही. कुलूप तेवढं इंग्लंडचं. बाकी आरोंद्याचं."

बाई पुढे आल्या. रिकाम्या खाचेत त्यांनी बोट घातलं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "खरां सांगतास?"

"देवाची आण," मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी शंभर टक्के सांगतो, त्यांना कळलं होतं. पण साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो राग शेठवर नव्हता, माझ्यावर होता. "मी चाळीस देश फिरलोय," ते म्हणाले. "मला शिकवू नका. तुमचं आणि यांचं काही भांडण असेल तर ते तुम्ही आपसात मिटवा." मग शेठकडे वळून म्हणाले, "हे पॅक करा." बाई खाली बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

कपाट टेम्पोत चढवताना मला हात लावायला सांगितलं नाही हे बरं झालं. मी ते खाडीत ढकललं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठ शांतपणे आला. मला वाटलं, काढून टाकतो. त्याने त्याहून वाईट केलं. खणांच्या कपाटावर हात ठेवून म्हणाला, "ह्यां तोड. ह्येच्यात चांगल्या फळयो आसत. हॉटेलाची दोन कपाटां करूची आसत, थंय लाव."

"तोडू?"

"तुझ्यामुळां तां आता विकाचां नाय. लोकल म्हणान गावभर होतला. तोड."

मी म्हटलं, "माका द्या. मी विकत घेतंय."

तेव्हा तो जे बोलला त्याने माझं डोकं आजही फिरतं. तो खुर्चीत नीट बसला, चष्मा लावला, आणि म्हणाला, "बघ मेस्त्री, ती व्हिक्टोरियन वस्तू आसा." आणि एक आकडा सांगितला, जो त्याने साहेबांनाही सांगितला नसता.

तोडायला सांगताना फळ्या. मी मागितल्यावर व्हिक्टोरियन. परक्याने नाकारलं तेव्हा लोकल, सुताराला आवडलं तेव्हा राणीचं. मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो, असलं-नसलं सगळं बोललो. शेडमधली दोन माणसं काम थांबवून बघत होती. शेवटी माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं. सेकंडहँड मोटरसायकल, जिच्यावर मी रोज वेंगुर्ल्याहून आरोंद्याला यायचो. चावी त्याच्या टेबलावर टाकली. त्याने बाहेर येऊन टायर दाबून पाहिले. टायर! साडेतीन वर्षं तो माझे सांधे तपासायला कधी वाकला नव्हता.

मासळीचा बर्फ नेणारा एक टेम्पोवाला ओळखीचा होता. रिकामा परत जात होता. त्याच्यात कपाट घातलं, ओल्या भुशावर गोणपाट पसरून. स्वतः मागे खणांना धरून बसलो. घरी पोचलो तेव्हा कपाटाला बांगडा मासळीचा वास येत होता.

बायको दारात आली. आधी टेम्पोच्या मागे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. "मोटरसायकल खंय?"

"दिलंय."

"दिलास? आणि ह्यां हाडलास?" ती पायरी उतरून खाली आली. "आता कामाक कशे जातलास?"

"थंय जावचां नाय आता."

ती आत गेली आणि भांडी अशी घासायला लागली की शेजारी कळावं. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा राग रास्त होता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याने मला अजून राग येत होता. पाचव्या दिवशी मी पायाची वाळवी काढून तिथे नवा तुकडा जोडत बसलो होतो, तेव्हा ती पदराने हात पुसत आली, मधला खण ओढला, परत लावला, परत ओढला. "आवाज येणा नाय," ती म्हणाली. संध्याकाळी मुलीचे शाळेचे कपडे त्यात होते. आमच्या लोखंडी कपाटाचं दार आपटून मुलीची बोटं दोनदा चेचली होती, त्याबद्दल तिने तेव्हा पहिल्यांदा मला शिव्या घातल्या. दार ते लोखंडी होतं, शिव्या मला. मी ऐकून घेतल्या.

पुढची वर्षं सोपी नव्हती. एसटीने दोडामार्गला जाऊन बागायतदारांच्या घरांची दारं केली, केळीच्या बागांच्या शेडी केल्या. हळूहळू घराजवळ स्वतःचं काम सुरू झालं. खणांची कपाटं मी करू लागलो, सागवान बाहेर, फणस आत, त्याच जुन्याच्या मापाने, खणांमागे तसेच देवनागरी आकडे कोरून, पण नवी म्हणून. रंग नाही, किडीची भोकं नाहीत. वर्षाला दोन जात, कधी तीन. एकदा गोव्यातल्या एका दुकानदाराने सहा मागितली, फक्त पाठीमागचे देवनागरी आकडे नकोत म्हणाला. मी त्याला चहा न देता बाहेर काढला. बायको म्हणाली, चहा तरी द्यायचा.

दोन हजार आठच्या पावसात, आरशाचं कपाट नेलेल्या साहेबांच्या त्या बाई माझ्या घरी आल्या. छत्री मिटून पडवीत उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. म्हणाल्या, आरशाचं दार लागत नाही, पाठीमागची फळी फाटली आहे, याल का?

"शेठला बोलवा," मी म्हटलं.

"त्याने दुकान बंद केलं."

मी रंधा चालवत राहिलो. त्या गेल्या नाहीत. शेवटी मी रंधा खाली ठेवला आणि सहा वर्षं पोटात असलेलं विचारलं. "त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं. तुम्ही गप्प का राहिलात?"

बाईंनी नजर चुकवली नाही. "तुमच्यासमोर ते मूर्ख ठरले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी गेला असतात. मला त्यांच्याबरोबर घरी जायचं होतं."

उत्तर खरं होतं. त्याने माझा राग कमी झाला नाही. मला घरी जाऊन बायकोला मोटरसायकल कुठे आहे ते सांगायचं होतं, ते कोणी मोजायचं? पण तसं म्हटलं नाही. हत्यारं पिशवीत घातली आणि त्यांच्याबरोबर गेलो. कारण दार माझं होतं. माझं दार लागत नाही म्हणजे काय?

बंगल्यात माडीवर, समुद्राकडच्या खोलीत ते कपाट उभं होतं. ओल्या हवेने दार फुगलं होतं. साहेब पाठीमागे हात बांधून उभे राहिले. मी दार बिजागरीतून सोडवायला लागलो तर म्हणाले, "सांभाळून हं. दीडशे वर्षांचं आहे."

"दीडशे नाही," मी म्हटलं. "सहा."

मला वाटलं, आता हाकलतील. ते खिडकीशी गेले, परत आले, आणि खुर्चीवर बसले. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच वर्षी मुंबईचा एक माणूस येऊन बघून गेला. त्यानेही मुठीच मापल्या."

मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभा. "मग आत्ता दीडशे कोणाला सांगत होतात?"

"सवय," ते म्हणाले. "येईल त्याला सांगून बसलोय. आता काय करू?" आणि मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, खालच्या खणाकडे बोट दाखवत म्हणाले, "ते कुलूप तेवढं तरी खरं आहे, नाही का?"

"हो," मी म्हटलं. "तेवढंच चोरीचं आहे."

मी दार खाली आडवं घातलं, फुगलेली कड रंध्याने तासली, दोन वेळा लावून पाहिलं, तिसऱ्यांदा बसलं. पाठीची फळी काढून तिला आक्रसायला-फुगायला जागा ठेवून परत बसवली. ही जागा मी मुळातच ठेवायला हवी होती. तेव्हा जुनं दिसण्याच्या नादात घट्ट ठोकली होती, ती चूक माझी. साहेब सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होते. एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते जे काही होतं, ते त्यांनी त्या पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं, शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

खाली दिवाणखान्यात पाहुणे आले म्हणून साहेब माझ्याआधी उतरले. कोणीतरी विचारलं, वर काय काम चाललंय. जिन्यावरून मी साहेबांचा आवाज ऐकला. "जुनं कपाट आहे, जरा दुरुस्ती." जुनं. व्हिक्टोरियन म्हणाले नाहीत, पण माझंही म्हणाले नाहीत. मी चार पायऱ्या वर उभा होतो, पिशवी खांद्याला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवायचं होतं फक्त. हा माणूस, एवढंच.

बाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. एक कप माझ्यासाठी होता, बशीवर बिस्किटं ठेवलेला. मी मान हलवून नको म्हटलं, चपला घातल्या आणि पावसात बाहेर पडलो.